जुन्या गाडीचा वॉशर: काचेवर पाणी चढेना, त्याच्या नोंदी

४ फेब्रुवारी, रविवार

गाडी बाबांची, सतरा वर्षं जुनी सेडान, इंजिन अजून ठणठणीत. काल संध्याकाळी बाबांना घेऊन परत येत होतो, सूर्य अगदी समोर खाली आलेला, काचेवर चिलटं आणि धुळीचा थर, म्हणून वॉशरची दांडी ओढली तर पाणी कसंबसं वायपरच्या पात्याच्या वर चार बोटं चढलं आणि तिथूनच ओघळलं, आणि वायपरने तेवढ्या पाण्यात ती धूळ कालवून सगळ्या काचेवर लिंपून टाकली. तीन-चार सेकंद समोरचं काही म्हणजे काही दिसत नव्हतं. नुसता पांढरा झगझगाट. बाबा काही बोलले नाहीत पण त्यांनी दाराचं हँडल घट्ट धरलं होतं ते मी पाहिलं. वॉशर दोन वर्षांपासून हळूहळू कमी होत होता, आपण चालवून घेतो, पण आता नाही. ब्रेक आणि दिव्यांइतकंच हे महत्त्वाचं आहे असं मला कालपासून मनापासून वाटतंय, म्हणून हे काम नीट नोंदी ठेवून करायचं ठरवलं.

आज फक्त बघाबघी. पंप चालतो, आवाज येतो पण दबका, घरघर केल्यासारखा. दांडी ओढल्यावर पाणी यायला दोन-अडीच सेकंद लागतात. डावीकडचं नोझल, म्हणजे बॉनेटवरून काचेवर पाणी उडवणारं तोंड, बरं आहे, ड्रायव्हरच्या बाजूचं जवळजवळ लाळ गाळतं. टाकी भरलेली आहे (हे आधी बघावं, कित्येकदा तेवढंच निघतं).

सगळ्यात बारीक सुई घेऊन नोझलची भोकं हलक्या हाताने साफ केली, पांढरे कण निघाले, चार-पाच फवारे झकास आले आणि मग परत होतं तसं. म्हणजे कचरा मागून येतोय, नोझल नुसतं शेवटचं ठिकाण आहे जिथे तो अडकतो. आणखी एक गोष्ट दिसली, ड्रायव्हरकडच्या नोझलचं एक भोक दुसऱ्यापेक्षा मोठं आणि वेडंवाकडं आहे, पूर्वी कुणीतरी जाड पिन खुपसलेली असणार. याच्याकडे नंतर येतो.

१० फेब्रुवारी, शनिवार

आठवडाभर डोक्यात हेच होतं. नवीन पंप घ्यावा असं दोनदा मनात आलं, कारण सगळे पहिलं तेच सांगतात, पण पंप खराब आहे हे मला ठाऊकच नव्हतं, नुसता अंदाज. तर आज मोजमाप.

पाण्याचा रस्ता आधी डोक्यात पक्का केला. टाकी, टाकीच्या तळाशी रबरी ग्रोमेटमध्ये (भोकातल्या रबरी कड्यात) खोचलेला पंप, पंपाच्या तोंडाशी जाळी, मग नळी इंजिनच्या कप्प्यातून वर, बॉनेटच्या बिजागरीपाशी वळून बॉनेटच्या आत, तिथे एक नॉन-रिटर्न वॉल्व्ह (पाणी मागे येऊ न देणारी झडप), मग टी जोड, आणि टी पासून दोन नोझलांना दोन नळ्या. यात कुठेही अडथळा असला तरी काचेवर एकच लक्षण दिसतं, पाणी चढत नाही. म्हणून काचेकडे बघत बसून काही कळत नाही, प्रत्येक जोड उघडून किती पाणी येतं ते मोजायचं.

पद्धत साधी. मिलिलिटरच्या खुणा असलेली बाटली, मोबाइलचं स्टॉपवॉच, आणि बाबा ड्रायव्हरच्या सीटवर. "बाबा, ओढा" म्हटलं की दांडी ओढायची, "सोडा" म्हटलं की सोडायची. दर वेळी १० सेकंद, मग अर्धा मिनिट थांबायचं, कारण ही छोटी मोटर सतत चालायला बनवलेली नसते आणि कोरडी तर अजिबात चालवू नये, पाण्यानेच तिचं सील थंड आणि ओलं राहतं. प्रत्येक ठिकाणी तीनदा मोजून मधला आकडा घेतला. नोझलपाशी मोजायला नोझल बॉनेटच्या खालून प्लॅस्टिकच्या खिट्ट्या दाबून नळीसकट बाहेर काढली आणि बाटलीत सोडली, खिट्ट्या जुन्या झालेल्या असतात, उन्हात उभी करून गाडी जरा गरम झाल्यावर काढल्या तर तुटायची भीती कमी.

आजचे आकडे, सगळे १० सेकंदांचे. टाकीजवळच्या पहिल्या जोडावर ११० मिली. टी जोडाच्या अलीकडे, म्हणजे वॉल्व्ह ओलांडून, ७०. दोन्ही नोझल मिळून ४०, त्यात डावीकडचं २८ आणि ड्रायव्हरचं १२.

हे आकडे कागदावर बघितले तेव्हा जरा गप्पच झालो. मला वाटलं होतं कुठेतरी एकदम धाडकन आकडा पडेल आणि तिथे बोट ठेवता येईल, इथे तर प्रत्येक टप्प्यावर थोडं थोडं जातंय. आणि पहिल्याच जोडावर, जिथे पुढे काही अडथळाच नाही, तिथे ११० म्हणजे फार कमी, या मापाच्या पंपाकडून उघड्या नळीला याच्या दुप्पट तरी यायला हवं.

बाबा खिडकीतून म्हणाले, "अरे आमच्या वेळी काही गाड्यांना पायाने दाबायचा रबरी फुगा असायचा, जोरात पाय मारला की जोरात पाणी." मग मी त्यांना सांगितलं की जुन्या फोक्सवॅगन बीटलमध्ये तर मोटर नव्हतीच, स्पेअर टायरमधली हवा नळीने वॉशरच्या टाकीत घ्यायचे आणि त्या दाबावर पाणी उडायचं. बाबांना ते फार आवडलं. मलाही आवडतं, कारण त्यात मुद्दा स्पष्ट दिसतो, वॉशर म्हणजे शेवटी दाब आणि मोकळी वाट, बाकी काही नाही.

११ फेब्रुवारी, रविवार

११० ते ७० चा टप्पा आज घेतला, कारण तो बॉनेटखाली आहे, हाताला सोपा.

बॉनेटच्या आतलं काळं अस्तर काढलं तर एका जागी ओलसर डाग, वाळलेल्या कडांना पांढरी रेघ. बरोबर बिजागरीपाशी, जिथे बॉनेट उघडताना-लावताना नळी दर वेळी वाकते. नळी बोटांनी चाचपली तर बाकी कडक झालेली आणि तेवढ्या भागात बारीक चीर, नुसती बघितली तर दिसत नाही, वाकवली की तोंड उघडते. आणि चिरेच्या जरा पुढे नळी एका क्लिपखाली चपटी झालेली. पाणी दाबाखाली असतानाच चिरेतून फवारतं आणि अस्तरात जिरतं, खाली थेंब पडत नाही, म्हणून इतकी वर्षं लक्षात आलं नाही.

नळीचं माप कसं घ्यायचं हा प्रश्न होता. ड्रिलचं ४ मिमीचं बिट उलटं धरून त्याची गुळगुळीत मागची बाजू नळीत घातली, नीट घट्ट बसली, म्हणजे आतला व्यास ४ मिमी. त्याच मापाची नवीन रबरी नळी आणली, बिजागरीचा पूर्ण तुकडा बदलला, नुसती चीर कापून जोड मारला नाही, कारण वाकणाऱ्या जागी जोड नको. जोडाच्या दातेरी तोंडावर नळी चढत नसेल तर तिचं टोक गरम पाण्यात अर्धा मिनिट बुडवून लगेच दाबायचं, आगीने तापवू नये, रबर वरून मऊ वाटतं आणि महिन्याभरात तिथेच तडकतं. कापताना ब्लेड नवीन आणि काटकोनात. बॉनेट तीन-चारदा उघडझाप करून बघितलं की नळी कुठे ताणली जात नाही ना, तिला थोडं ढिल ठेवलं.

आता वॉल्व्ह. हा लहानसा, बोटाच्या पेराएवढा, अंगावर बाण असतो, पाणी बाणाच्या दिशेने जातं आणि परत येत नाही, म्हणजे नळी कायम भरलेली राहते आणि दांडी ओढताच पाणी येतं. तो दोन-अडीच सेकंदांचा उशीर याच्यामुळेच होता, वॉल्व्ह अर्धवट उघडा अडकलेला, त्यामुळे मागे गळायचा आणि पुढेही पूर्ण वाट द्यायचा नाही. तोंडाने फुंकून बघण्याचा मोह होतो पण ते करू नका, वॉशरच्या द्रावणात बऱ्याचदा मिथेनॉल असतं आणि ते विषारी आहे. मोठी सिरिंज घेतली, कोमट पाणी बाणाच्या दिशेने ढकललं, मग उलटीकडून, असं दहा-बारा वेळा. आतून काय निघालं तर चिकट, पारदर्शक, जेलीसारखा गोळा. हा कुठून आला ते मला लगेच कळलं, पण ते टाकी उघडल्यावर लिहितो.

वॉल्व्ह साफ करून परत बसवला, बाणाची दिशा दोनदा बघून. नवे आकडे: टी अलीकडे १०४, दोन्ही नोझल मिळून ५५. उशीर गेला, दांडी ओढली की पाणी हजर. पण फवारा अजून काचेच्या निम्म्याच्या खालीच.

१७ फेब्रुवारी, शनिवार

आज टाकी. पुढचं चाक काढावं लागलं, गाडी सपाट जागी, हँडब्रेक, मागच्या चाकांना दगड, आणि जॅकवर नुसती न ठेवता स्टँड लावून. चाकाच्या कमानीतलं प्लॅस्टिकचं लायनर अर्ध्यापर्यंत सोडवलं, सात क्लिपांपैकी तीन तुटल्या, त्या तुटतातच, जास्तीच्या आणून ठेवा. खाली बादली ठेवून पंप ग्रोमेटमधून वर-खाली हलवत ओढला, सगळं पाणी बादलीत.

ते पाणी बघून वाईट वाटलं. गढूळ, तळाशी पांढरट गाळ, आणि पंपाच्या तोंडावरची जाळी तर दिसतच नव्हती, तिच्यावर बुळबुळीत थर, नख लावलं की कातडीसारखा निघणारा. हे दोन गोष्टींचं मिश्रण आहे. एक, आम्ही वर्षानुवर्षं साधं पाणी आणि वर भांड्यांच्या साबणाचे चार थेंब टाकत आलो, त्या पाण्यात क्षार असतात ते बसतात, आणि साचलेल्या कोमट पाण्यात जिवाणूंचा चिकट थर वाढतो. दोन, मधे एकदा एका प्रकारचं वॉशरचं तयार द्रावण टाकलं आणि ते संपायच्या आत दुसऱ्याच प्रकारचं वरून ओतलं. वेगवेगळी द्रावणं एकत्र झाली तर कधी कधी त्यांची अशी जेली होते. वॉल्व्हमधला गोळा तोच. टाकी रिकामी करून, धुऊन मगच दुसरं भरायला हवं होतं, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

आणि हा थर फक्त फवाऱ्याचा प्रश्न नाही. २०१० साली ब्रिटनच्या हेल्थ प्रोटेक्शन एजन्सीच्या संशोधकांनी इंग्लंड आणि वेल्समधल्या लेजिओनेअर्स आजाराच्या रुग्णांचा अभ्यास केला होता, त्यात वॉशरमध्ये नुसतं पाणी भरणं आणि हा न्यूमोनियाचा प्रकार यांचा संबंध दिसला होता, कारण साचलेल्या कोमट पाण्यात या आजाराचा जिवाणू, लेजिओनेला, वाढतो आणि वॉशर त्याचे तुषार उडवतो. वॉशर मारताना खिडकी उघडी असली की ते तुषार आत येतात हे आपण सगळ्यांनी अनुभवलंय. बाबांचं वय बघता मी हे वाचून विसरू शकलो नाही. बादलीतलं पाणी हातमोजे घालून फेकलं.

टाकी बाहेर काढून धुतली. तोंड अरुंद, हात जात नाही, ब्रश सगळीकडे पोहोचत नाही. मग कोमट पाणी, थोडा साबण आणि धुतलेली बारीक खडी, मोजून चाळीस खडे, टाकून जोरात हलवली, ओतली, परत हलवली. खडे मोजून बाहेर काढले, चाळीसच्या चाळीस, एकही आत राहिला असता तर जाळीपाशी जाऊन बसला असता. फेस पूर्ण जाईपर्यंत सहा वेळा खळबळलं. जाळी मऊ टूथब्रशने उलट्या बाजूने साफ केली, म्हणजे कचरा जसा अडकला तसाच बाहेर ढकलला जातो. ग्रोमेट अजून लवचिक होतं, ते राहू दिलं, फक्त बसवताना साबणाचं पाणी लावलं, कोरडं ढकललं तर त्याची कड आत दुमडते आणि मग टाकी कायमची गळते.

पहिल्या जोडावर ११० चे १५० झाले. चांगलं, पण अजून दुप्पट नाही. आवाज तसाच दबका.

चाक आज परत लावलं नाही, पंपाचा कनेक्टर हाताशी राहू दे.

१८ फेब्रुवारी, रविवार

मल्टिमीटरचा दिवस. इथे एक गोष्ट जीव तोडून सांगावीशी वाटते, कनेक्टर काढून मोकळ्या तारांवर व्होल्टेज मोजलं तर त्यातून काहीच कळत नाही. मी मोजलं, १२.३ आलं, म्हणजे सगळं ठीक? अजिबात नाही. पंप जोडलेला आणि चालू असताना, कनेक्टरच्या मागच्या बाजूने टोकं घालून मोजायचं. तसं मोजलं तर ९.६. त्याच वेळी बॅटरीवर १२.४. म्हणजे २.८ व्होल्ट रस्त्यातच खर्च होतायत.

कुठे? बॅटरीच्या प्लसपासून पंपाच्या प्लसपर्यंत, पंप चालू असताना, मीटर लावला: ०.५. पंपाच्या निगेटिव्हपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत: २.३. चोर सापडला, अर्थिंग, म्हणजे पंपाची निगेटिव्ह तार गाडीच्या पत्र्याला जिथे जोडतात ती जागा. पंप साधारण साडेतीन अँपिअर घेत होता, त्या हिशोबाने त्या एका जोडात दोन तृतीयांश ओहमच्या आसपास रोध, जिथे जवळजवळ शून्य हवा. काळी तार शोधत गेलो तर हेडलाइटच्या मागे पत्र्याला एक बोल्ट, त्याखालची गोल टिकली हिरवी-पांढरी झालेली आणि पत्रा गंजलेला.

बोल्ट काढायच्या आधी बॅटरीचा निगेटिव्ह सोडवला. टिकली आणि पत्रा दोन्ही सँडपेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासले, घट्ट आवळलं, आणि मग वरून ग्रीसचा पातळ हात, गंज परत लागू नये म्हणून. पंप चालू असताना आता ११.८.

सव्वादोन व्होल्टांनी काय होतं असं वाटू शकतं. मोटरचा वेग साधारण व्होल्टेजच्या प्रमाणात, पण अशा पंपाचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. ९.६ भागिले ११.८ म्हणजे सुमारे ०.८१, त्याचा वर्ग ०.६६. म्हणजे खराब अर्थिंगमुळे दाब दोन तृतीयांशावर आलेला, आणि फवारा काचेवर किती उंच चढणार ते दाबच ठरवतो. पहिल्या जोडावर १५० चे १९० झाले.

बाबा म्हणाले, "आता बास, छान येतंय की." खरं तर तेवढ्यावर थांबता आलं असतं. पण मोटर अजून मोकळी वाटत नव्हती. इतकी वर्षं गाडीत बसलोय, कानाला कळतं.

२४ फेब्रुवारी, शनिवार

आजचा शोध माझ्या मते सगळ्या कामातला सगळ्यात मोठा.

पंप परत काढला, म्हटलं बाजूला ठेवून नीट बघू. हा पंप गाडीचा मूळचा नाही, सहा-सात वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये बदललेला, त्याचा कनेक्टर वेगळा होता म्हणून तारा कापून पिळ देऊन वर टेप गुंडाळलेली. ती टेप सोडवली. पंपाच्या अंगावर दोन पिनांपाशी बारीक अधिक-उणे कोरलेलं होतं, भिंग घेऊन बघावं लागलं. आणि तारा उलट्या. काळी अधिकला, रंगीत उणेला.

मग पंप चालत कसा होता? तर हा सेंट्रिफ्युगल पंप, मधे पात्यांचं चक्र फिरतं आणि पाणी बाहेरच्या बाजूला फेकतं. चक्र उलटं फिरलं तरी पाणी बाहेरच फेकलं जातं, त्यामुळे तोंडातून पाणी येतच राहतं, पण डबीचं बाहेर जायचं तोंड एकाच दिशेच्या फिरण्याला धरून तिरकं काढलेलं असतं, उलट फिरणारं पाणी त्या तोंडाशी आपटतं, घुसळतं आणि थोडंच बाहेर पडतं. म्हणूनच हा दोष सापडत नाही. पंप बंद असता तर त्याच दिवशी कळलं असतं, अर्धवट चालला म्हणून सहा-सात वर्षं कुणाला शंका आली नाही, आणि बाबा त्या अर्धवट वॉशरवर रात्री-बेरात्री गाडी चालवत राहिले. याचा मला खरंच राग आला. दोन पिना बघून तारा जोडायला किती वेळ लागतो?

तारा बदलल्या, या वेळी पिळ नाही, सोल्डर करून वर उष्णतेने आवळणारी नळी, कारण चाकाच्या कमानीत चिखल-पाणी उडतं. बाबांना म्हटलं ओढा. आवाजच बदलला! घरघर गेली, बारीक, सरळ, वरच्या पट्टीतला सूर. पहिल्या जोडावर २८०. मी परत मोजलं, परत २८०. टी पाशी २५०.

एक खबरदारी. ज्या गाड्यांना मागच्या काचेलाही वॉशर आहे त्यातल्या बऱ्याच गाड्यांत एकाच पंपाला दोन तोंडं असतात, एका दिशेला फिरला की पुढे पाणी, उलट फिरला की मागे. तिथे तारा अदलाबदल केल्या तर पुढची दांडी ओढल्यावर मागची काच भिजेल. अशा गाडीत पुढचा फवारा कमजोर असेल आणि त्याच वेळी मागच्या काचेवर थोडं पाणी गळत असेल तर पंपातला आतला पडदा फाटलाय असं समजावं. माझा पंप एक तोंडाचा, म्हणून हिशोब सोपा.

नोझलपाशी मात्र एकूण ९६ च. मागून एवढं पाणी येतंय आणि दारात अडतंय.

२५ फेब्रुवारी, रविवार

नोझलं काढून पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तासभर ठेवली. बारीक बुडबुडे यायला लागले, म्हणजे आत कॅल्शियम कार्बोनेट होतं, पाण्यातला क्षार, त्याच्यावर आम्ल पडलं की कार्बन डायऑक्साइड निघतो. भोकाचा व्यास क्षारामुळे निम्मा झाला तर क्षेत्रफळ चौथाईवर येतं, म्हणून थोडासा क्षारही पुरतो. नोझलं गाडीवरून काढूनच हे करा, व्हिनेगर रंगावर सांडू देऊ नका. नंतर साध्या पाण्यात खळबळून, बाहेरून आत अशी उलटी हवा मारली, आतल्या चिमुकल्या जाळीवरून दोन कण टपकले.

डावीकडचं नव्यासारखं झालं. ड्रायव्हरकडच्याचं ते रुंद केलेलं भोक मात्र सुधारण्यासारखं नाही. त्यातून पाणी भरपूर येतं पण जाड, सुस्त धार, आणि तेवढ्याने बाजूच्या भोकाचाही जोर जातो. म्हणून नोझलांची नवीन जोडी बसवली, होती तशीच धारेची. पंख्यासारखा फवारा देणारीही मिळतात, काच पटकन भिजते, पण तुषार बारीक असल्याने वेगात वारा ते जास्त उडवतो आणि भोकं बुजण्याची शक्यताही जास्त, मला या गाडीला धारच बरी वाटते.

दोन्ही मिळून १३८, सत्तर आणि अडुसष्ट. ४० वरून. बॉनेट लावून दांडी ओढली तर पाणी काचेच्या वरच्या कडेवरून छतावर गेलं, बाबा आत बसून हसत होते.

३ मार्च, रविवार

नोझलात धारेचं भोक असलेला छोटा गोळा बसवलेला असतो, तो टाचणीने फिरवून निशाणा लावला. काचेवर आतून टेपचे चार तुकडे लावले, वायपर जो भाग पुसतो त्याच्या मध्यापासून थोडं वर. गाडी उभी असताना चारही धारा टेपवर. मग हायवेवर घेऊन गेलो, ८० च्या वेगाला धार टेपच्या वीतभर खाली पडत होती, वारा दाबतो. म्हणून थांबून थोडी वर केली, परत बघितलं, दोन फेऱ्यांत जमलं. फार वर करू नये, उभ्या गाडीत पाणी छतावरून मागच्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर जातं.

वायपरची रबरंही बदलली. पाणी मिळालं तरी कडक रबर रेघा ओढतंच.

द्रावण एकाच प्रकारचं, डब्यावर लिहिलंय त्या प्रमाणात, पाणी गाळलेलं आणि कमी क्षाराचं. थंडीत पारा शून्याखाली जाणार असेल तर न गोठणारं भरावं, नुसतं पाणी गोठून फुगतं आणि पंपाची डबी फोडतं. आणि इंजिनचं कूलंट कधीही वॉशरमध्ये नाही, ते काचेवर तेलकट पसरतं, रंगाला वाईट आणि विषारी.

२४ मार्च, रविवार

तीन आठवडे झाले. परत मोजलं, नोझलपाशी १३६, मापाच्या चुकीत बसतं. पहिल्या जोडावर २८०. अर्थिंगवर व्होल्टचा दहावा भागही पडत नाही. बिजागरीचा भाग कोरडा, अस्तरावर डाग नाही. टी जोडापाशी एक थेंब दिसला, तिथली जुनी नळी दोन मिलिमीटर कापून परत चढवली.

जुन्या नळीचा चिरलेला तुकडा फेकला नाही, तारखेची चिठ्ठी लावून टूलबॉक्समध्ये ठेवलाय, आणि टाकीच्या झाकणावर आत भरलेल्या द्रावणाचं नाव लिहिलंय, म्हणजे घरातलं कुणीही भरलं तरी दुसरं ओतणार नाही.

काल संध्याकाळी त्याच रस्त्याने परत येत होतो, सूर्य तसाच समोर. या वेळी गाडी बाबा चालवत होते. त्यांनी दांडी ओढली, चारही धारा वर लागल्या, वायपर दोनदा फिरले आणि समोरचा रस्ता, कडेची झाडं, पुढच्या ट्रकचे दिवे सगळं स्वच्छ दिसलं. बाबांनी अजून एकदा ओढली, गरज नसताना.